पाचवं ब्लँकेट

मागच्या जानेवारीतली गोष्ट. पुण्यात थंडी चांगलीच पडली होती आणि आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर नेहमीप्रमाणे वर्गणीची हाक आली. चार दिवसांत साठ ब्लँकेटांचे पैसे जमले. रात्री नऊच्या सुमारास दोन गाड्या भरून आम्ही निघालो. एका पुलाखाली एक म्हातारी बाई बोचक्याला टेकून बसली होती. मी ब्लँकेट पुढे केलं. तिने कापड चिमटीत धरून पाहिलं, मग बोचक्याची गाठ सोडून आत दाखवलं. आत चार ब्लँकेटं होती. त्यातलं एक अजून प्लास्टिकच्या पिशवीतच होतं.

"लेकरा, हे पाचवं," ती म्हणाली. "ठिवू कुठं? सकाळी समदं उचलून न्यावं लागतंय. त्यापरीस सुट्टे असले तर दे. संडासाला पाच रुपये घेत्यात, दिसाचे तीनदा."

परत येताना आम्ही एका बांधकामाच्या पत्र्यांशेजारून गेलो. पत्र्यांच्या फटीतून शेकोटी दिसत होती आणि भोवती मजुरांची पोरं अंगावर सिमेंटच्या रिकाम्या गोण्या घेऊन बसली होती. आमच्या गाड्या तोवर रिकाम्या झाल्या होत्या. त्या पत्र्यांआड त्या हिवाळ्यात एकही ब्लँकेट पोचलं नव्हतं, हे नंतर तिथल्या वॉचमनकडून कळलं.

शहरात द्यायची इच्छा असलेली माणसं आहेत, गरज असलेली माणसं आहेत, पैसेही आहेत. तरी एकाकडे पाच आणि दुसऱ्याकडे शून्य, असं का होतं? पाणी उताराकडे जातं, तसं शहरातलं दान रहदारीकडे जातं. पूल, देवळाची पायरी, सिग्नल, स्टेशन अशा आपल्या येण्याजाण्याच्या वाटेवर जी गरज बसलेली असते ती आपल्याला दिसते. पत्र्याआडची, गल्लीच्या टोकाची, दार लावून घेतलेली गरज दिसत नाही.

आपल्याकडे जुनी शिकवण आहे, की दान करताना देश, काल आणि पात्र पाहावं. म्हणजे जागा, वेळ आणि माणूस. यातलं 'पात्र' आपण फार बारकाईने तपासतो: हा दारू तर पिणार नाही ना, धडधाकट असून भीक तर मागत नाही ना. 'देश' आणि 'काल' मात्र अंदाजावर सोडून देतो. आपल्याच शहरात नेमकी कुठे आणि आयुष्याच्या कुठल्या टप्प्यावर गरज आहे, हे शोधून काढण्याची एक रीत आहे आणि ती सव्वाशे वर्षं जुनी आहे.

चॉकलेटवाल्याच्या मुलाची मोजणी

इंग्लंडच्या उत्तरेला यॉर्क नावाचं तटबंदीचं शहर आहे. आपण खातो ते किटकॅट मूळचं तिथलं. राउंट्री कंपनीने ते 1935 साली बाजारात आणलं. त्याच्या खूप आधी, 1899 साली, या कंपनीच्या मालकाचा मुलगा सीबोम राउंट्री एका प्रश्नाने अस्वस्थ झाला होता. लंडनमध्ये चार्ल्स बूथ नावाच्या जहाज-व्यापाऱ्याने स्वतःच्या खर्चाने शहराची पाहणी केली होती. रस्त्यागणिक नकाशा रंगवला होता, अगदी गरीब गल्ल्या काळ्या, सुखवस्तू रस्ते लाल आणि पिवळे. लंडनची 30.7 टक्के वस्ती गरिबीत आहे असं त्याचं गणित निघालं. लोक म्हणाले, लंडनचं काय सांगता, तो महासागर आहे. आमच्या गावात असं नाही.

सीबोमने आपलं गाव मोजायचं ठरवलं. त्याच्या माणसांनी यॉर्कमधल्या जवळजवळ प्रत्येक कामगार घराचं दार वाजवलं. 11,560 कुटुंबं, 46,754 माणसं. घरात किती खोल्या, किती माणसं, कमावणारे कोण, नळ किती घरांत मिळून एक.

पण गरीब कुणाला म्हणायचं? इथे त्याने जे केलं ते कुठल्याही गृहिणीला लगेच कळेल. त्याने महिन्याच्या वाणसामानाची यादी करतात तशी आठवड्याची यादी केली. नवरा, बायको, तीन मुलं. अंगात काम करण्याइतकी ताकद राहील एवढं अन्न 12 शिलिंग 9 पेन्स, भाडं 4 शिलिंग, कपडे-जळण-दिवाबत्ती आणि इतर सगळं मिळून 4 शिलिंग 11 पेन्स. बेरीज 21 शिलिंग 8 पेन्स. या यादीत ताजं मांस नव्हतं. तंबाखू नव्हती, वर्तमानपत्र नव्हतं, परगावी नोकरीला गेलेल्या मुलाला पत्र पाठवायचा टपालखर्चही नव्हता. मुद्दामच नव्हता, यादी इतकी काटकसरीची, की तिच्या खालच्या माणसाला कुणी उधळा म्हणू शकू नये.

मग त्याने गरिबीचे दोन भाग पाडले. एका घरात बादलीच लहान आहे: येणारा पैसा दमडीदमडी जपून वापरला तरी यादी पुरी होत नाही. दुसऱ्या घरात बादली पुरेशी आहे, पण कुठे तरी गळते. दारू असेल, कर्जाचा हप्ता असेल, घर चालवण्यातली अडचण असेल. दोन्ही मिळून यॉर्कची 27.84 टक्के वस्ती गरिबीत निघाली. लंडनच्या जवळपास तेवढीच.

खरा धक्का पुढे होता. बादलीच लहान असलेल्या घरांत 7,230 माणसं होती. गावातली भली माणसं समजत होती, की यातली बहुतेक आळशी किंवा बेकार असणार. सीबोमने प्रत्येक घरामागचं कारण नोंदवलं होतं. कर्ता माणूस बेकार असल्यामुळे गरीब: 2.31 टक्के. कर्ता वारल्यामुळे: 15.63 टक्के. खाणारी तोंडं जास्त: 22.16 टक्के. आणि कर्ता रोज नियमाने कामावर जातो, पण मजुरीच तुटपुंजी आहे म्हणून गरीब: 51.96 टक्के.

हा शेवटचा आकडा दान करणाऱ्याच्या डोळ्यांनी वाचा. निम्म्याहून जास्त गरीब माणसांच्या घरचा कर्ता ज्या वेळी अन्नछत्र उघडं असतं त्या वेळी कामावर असतो.

या मोजणीतून 'काल'ही सापडला. मजुराच्या आयुष्यात गरिबी सरळ रेषेत चालत नाही. लहानपणी, भावंडं बरीच आणि कमावणारा एक, तेव्हा ती असते. मुलं कमावती झाली की घर जरा वर येतं. लग्न होऊन स्वतःची मुलं झाली की पुन्हा खाली. ती मोठी झाली की थोडा सुखाचा काळ, आणि हातपाय थकले की शेवटचा उतार. म्हणजे यादीखाली आज जितके दिसतात त्याहून खूप जास्त लोक आयुष्यात कधी ना कधी तिथे जाऊन येतात. मदत कमी असेल तर ती लहान मुलांच्या घरी आणि म्हाताऱ्यांच्या घरी आधी न्यायची, हे सीबोमच्या मोजणीने ठरवता येऊ लागलं. पुढे 1908 साली ब्रिटनमध्ये वृद्धांच्या पेन्शनचा कायदा झाला, त्यामागे अशा पाहण्यांचं बळ होतं. बूथ तर त्यासाठी वर्षानुवर्षं झगडला होता.

सीबोमच्या वडिलांनी, जोसेफ राउंट्री यांनी, 1904 साली आपल्या संपत्तीचा मोठा हिस्सा तीन न्यासांकडे दिला. त्या वेळी विश्वस्तांसाठी लिहून ठेवलेल्या टिपणात त्यांनी एक रोखठोक निरीक्षण केलं आहे: यॉर्कच्या अन्नछत्राला पैसे मिळायला कधीच अडचण येत नाही, पण गरिबी किती आणि कशामुळे याचा शोध घ्यायचा म्हटलं तर कुणी फारसं पुढे येत नाही. या टिपणाला एकशेवीस वर्षं झाली. वर्गणीची वही घेऊन कुठल्याही सोसायटीत फिरून पाहा, एक अक्षर बदलावं लागणार नाही.

शितावरून भात, पण कुठल्या शितावरून?

सगळं शहर मोजायला सीबोमसारखा पैसा आणि सवड लागते. पण शितावरून भाताची परीक्षा करणं तर आपल्या घरात रोज चालतं. सगळा भात कुणी चावून पाहत नाही.

1912 साली इंग्लंडमधल्याच रेडिंग शहरात आर्थर बाउली या संख्याशास्त्रज्ञाने हेच केलं. कामगारांच्या घरांपैकी साधारण वीस घरांत एक घर निवडलं आणि तेवढ्यावरून शहराचं चित्र काढलं. सीबोमला ते पटायला वेळ लागला. त्याने 1936 साली यॉर्क पुन्हा एकदा दारोदार मोजलं आणि मग गंमत केली. सगळे कागद हातात असताना त्यातून ठरावीक अंतराने काहीच कागद काढले, फक्त तेवढ्यांचा हिशेब केला आणि पूर्ण मोजणीशी ताडून पाहिला. आकडे बरेच जुळले. 1950 साली तिसऱ्यांदा पाहणी केली तेव्हा त्याने थोडीच घरं घेतली.

आता शिताची अट. ते पातेल्यात कुठून उचललं याला फार महत्त्व आहे. वरवरचं शीत घेतलं तर भात कच्चा वाटेल, तळाचं घेतलं तर करपलेला. आधी ढवळावं लागतं. पाहणीत ढवळणं म्हणजे प्रत्येक घराला निवडलं जाण्याची सारखी संधी देणं: वस्तीतल्या घरांची यादी करायची आणि दर विसावं घर घ्यायचं, मग तिथे कुलूप असो की कुत्रं. कुलूप असेल तर संध्याकाळी परत जायचं. शेजारचं उघडं घर घ्यायचं नाही. दिवसा उघड्या असणाऱ्या घरांत घरी बसलेली माणसं भेटतात. धुणीभांडी करायला गेलेली बाई भेटत नाही आणि नेमकी तिचीच अडचण वेगळी असते.

आपण नकळत करतो ती चूक याहून मोठी आहे. जे आपल्याकडे येतात त्यांच्यावरून आपण शहर ओळखतो. देवळाबाहेरच्या रांगेला विचारून शहराची भूक मोजणं म्हणजे दवाखान्याच्या बाकावर बसलेल्यांना विचारून गावात किती आजारी आहेत हे सांगणं. जो बाकापर्यंत पोचूच शकला नाही तो हिशेबातच नाही.

आणि विचारायचं कुणाला? वस्तीत गेलात की पहिल्यांदा पुढे येतात ते कार्यकर्ते आणि घरातले पुरुष. 'तुमची गरज काय' या प्रश्नाला मंदिराचा सभामंडप, व्यायामशाळा, वाचनालय अशी उत्तरं येतात. तोच प्रश्न नळावर उभ्या असलेल्या बायकांना विचारला की पाण्याची वेळ, गटार, रात्रीचा दिवा अशी यादी निघते. मी स्वतः हे एका वस्तीत एका सकाळी, पन्नास पावलांच्या अंतरावर ऐकलेलं आहे.

श्रीखंडाची सरासरी

तुम्ही म्हणाल, सरकार इतके आकडे गोळा करतं, ते वापरा की. जरूर वापरावेत, पण त्यात एक गोम आहे.

लग्नात पहिल्या पंगतीला दोन-दोन वाट्या श्रीखंड वाढलं आणि शेवटच्या पंगतीला नुसती आमटी-पोळी. आचारी हिशेब दाखवतो, माणशी एक वाटी पडली. हिशेब खरा आहे आणि शेवटची पंगत उपाशी उठली हेही खरं आहे. सरासरीचा हा स्वभाव आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीतून कुपोषण, लसीकरण, रक्तक्षय यांची उत्तम माहिती मिळते, पण ती जिल्ह्याच्या पातळीवर थांबते. पुणे जिल्ह्याच्या एका आकड्यात कोरेगाव पार्क आहे, जनता वसाहत आहे आणि वेल्ह्याचे डोंगरही आहेत. जनगणना वॉर्डापर्यंत उतरते, पण ती शेवटची झाली 2011 साली. तेव्हा पुणे महापालिकेची लोकसंख्या 31 लाखांच्या आसपास होती. त्यानंतर हद्दीत कितीतरी गावं आली. 2021 ची जनगणना झालीच नाही, पुढची 2027 ची. जुन्या मतदारयादीवर पत्रिका वाटण्यासारखं आहे हे.

म्हणून स्थानिक पाहणी म्हणजे सरकारी आकड्याच्या आत शिरणं. आपल्याकडे याची परंपरा काही नवी नाही. हॅरॉल्ड मान या शेतीशास्त्रज्ञाने पुण्याजवळच्या एका खेड्याची घरोघर पाहणी करून 1917 साली पुस्तक काढलं. जमिनीचे तुकडे, कर्ज, खाणारी तोंडं, सगळं. ते खेडं म्हणजे पिंपळे सौदागर. आज तिथे मॉल आहेत. आणि पुण्यात गोखले अर्थशास्त्र संस्था 1930 साली उभी राहिली ती साताऱ्याच्या रावबहादूर रा. रा. काळे यांच्या देणगीतून. धनंजयराव गाडगीळ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथून पुणे शहराची सामाजिक-आर्थिक पाहणी केली. तिचा पहिला भाग 1945 साली प्रसिद्ध झाला. देणगी धर्मशाळेला न देता चौकशीला देणारा माणूस आपल्याकडेही झाला होता, एवढं यावरून कळतं.

फुटपाथवरची शिरगणती

ज्यांचं घरच मोजलं जात नाही त्यांचं काय?

जुलै 1985 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मुंबईतल्या फुटपाथवासीयांच्या खटल्यात निकाल दिला. उपजीविका हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे हे न्यायालयाने मान्य केलं, पण फुटपाथवरच्या झोपड्या पावसाळ्यानंतर हटवायला महापालिकेला मोकळीकही दिली. ती माणसं कोण, किती, कुठून आली, याची धड माहिती कुणाकडेच नव्हती. ज्याला पत्ता नाही तो जनगणनेच्या कागदावरूनही सहज निसटतो. शहराला वाटत होतं, हे चार दिवसांचे पाहुणे, उद्या दुसरीकडे जातील.

स्पार्क ही संस्था तेव्हा जेमतेम वर्षभराची होती. तिने भायखळ्याच्या बाजूला, ई वॉर्डात, फुटपाथवरची सहा हजारांवर कुटुंबं मोजली. प्रश्न विचारणाऱ्यांबरोबर फुटपाथवरच्या बायका फिरल्या. अहवालाचं नावच 'आम्ही अदृश्य' अशा अर्थाचं होतं. त्यात दिसलं ते असं: ही माणसं तिथे वर्षानुवर्षं राहत होती, बहुतेक जण काम करत होते, आणि कामाच्या जागेपासून चालत जाता येईल अशाच ठिकाणी राहत होते, कारण लोकलचं भाडं परवडत नव्हतं. बरेचसे देशातल्या अत्यंत गरीब जिल्ह्यांतून आलेले होते.

एवढं कळल्यावर मदतीचा नकाशा उलटा होतो. चार दिवसांच्या पाहुण्याला जेवण आणि चादर द्यायची असते. दहा वर्षांच्या रहिवाशाला पत्ता, बचतीची सोय आणि कामाजवळ घर लागतं. पुढच्याच वर्षी या बायकांचं महिला मिलन हे संघटन उभं राहिलं. त्यांनी रोजच्या चिल्लरीतून बचत सुरू केली आणि आपल्याला परवडेल अशा घराचा आराखडा स्वतः तयार केला: चौदा फूट उंचीची एकच खोली, वर माळा. फुटपाथच्या अरुंद झोपडीत आडवं पसरता येत नाही, उभंच वाढता येतं, हे त्यांना ठाऊक होतं. कुठल्याही दात्याच्या डोक्यात हा माळा आला नसता.

नकाशावरचा एक ठिपका

पुन्हा त्या आजींच्या पाच रुपयांकडे. शहरातल्या वस्त्यांमध्ये संडास बांधून देणं हे दानशूरांचं आणि नगरसेवकांचं आवडतं काम आहे, बहुधा त्याला कोनशिला बसवता येते म्हणून. स्वच्छ भारतच्या नियमाप्रमाणे वस्तीतल्या सामुदायिक शौचालयात 35 पुरुषांमागे एक आणि 25 बायकांमागे एक सीट हवी. वस्तीची लोकसंख्या घेतली, भागाकार केला, सीट कमी भरल्या, की आणखी एक ब्लॉक बांधा. गणित बरोबर आहे. पण वस्तीत जाऊन पाहिलं की कळतं, आठ सीटपैकी तिनांचं दार तुटलंय, दोनमध्ये पाणी नाही आणि रात्री अकराला कुलूप लागतं.

पुण्यात 1993 पासून काम करणाऱ्या शेल्टर असोसिएट्स या संस्थेने या भागाकाराऐवजी नकाशा हातात घेतला. उपग्रहाच्या चित्रावर वस्तीतलं एकेक घर ठिपक्यासारखं मांडायचं. प्रत्येक ठिपक्याला माहिती जोडायची: घरात किती माणसं, संडास आहे की नाही, नसेल तर कुठे जातात. त्यावर दुसरा थर ड्रेनेजच्या नळीचा. दोन्ही एकावर एक ठेवले, की एका नजरेत तीन गोष्टी दिसतात: कुठल्या घराशेजारून नळी जाते, कुठे ती थोडी वाढवावी लागेल आणि कुठे अजून पोचणारच नाही. आईने ट्रेसिंग पेपरवर काढलेली रांगोळीची दोन चित्रं एकमेकांवर ठेवून पाहावीत तसं.

यातून पैशाची वाटणीही बदलते. नळीजवळच्या घराला संस्था फरशी, भांडं, पाइप, सिमेंट असं सामान दारात आणून देते. बांधणीची मजुरी घरच्यांची. नळी वाढवणं हे महापालिकेचं काम, आणि कुठे किती मीटर वाढवायची हे नकाशा दाखवून सांगता येतं. एकाच रुपयात तिघांचा वाटा पडतो. घरातल्या संडासाला कोनशिला बसत नाही, ही मात्र दात्यांची अडचण आहे. तिच्यावर नकाशात उपाय नाही.

कधीकधी मोजणीतून कळतं, की पैसे द्यायचेच नाहीत. वस्तीतल्या आजारपणाच्या कर्जांची यादी केलीत तर शस्त्रक्रियेसाठी सावकाराकडून पैसे घेतलेली घरं सापडतात. महाराष्ट्रात धर्मादाय रुग्णालयांनी 10 टक्के खाटा निर्धन रुग्णांना मोफत आणि 10 टक्के दुर्बल घटकांना सवलतीत द्यायच्या असतात. कागद कुठले लागतात, कुणाला भेटायचं, हे त्या घराला माहीत नसतं. तिथे पन्नास हजारांच्या देणगीपेक्षा तहसील कचेरीतून उत्पन्नाचा दाखला काढून देणारा एक निवृत्त कारकून जास्त उपयोगाचा.

चौकट: वर्गणी काढण्याआधी

• आपलं आवार ठरवा. 'शहरातले गरीब' हे आवार नाही. 'कालव्यालगतची वस्ती, गल्ली एक ते सहा' हे आहे.
• तिथे आधीच कोण काय देतं ते विचारा. अंगणवाडी ताई, आशा ताई, किराणा दुकानदार आणि रेशन दुकानदार यांच्याकडून निम्मं चित्र मिळतं.
• घरांची यादी करा आणि ठरावीक अंतराने घरं घ्या. कुलूप असेल तर पुन्हा जा.
• 'काय हवं?' असं विचारू नका. 'मागच्या महिन्यात कशासाठी उधार घेतलं?' असं विचारा. पहिल्या प्रश्नाला माणूस तुमच्याकडे पाहून उत्तर देतो, दुसऱ्याला स्वतःच्या घराकडे पाहून.
• नाव, जात, आधार क्रमांक यांची गरज नसेल तर लिहून घेऊ नका.
• जे कळलं ते वस्तीत परत जाऊन सांगा.

दिलं, पण फरक पडला का?

इथपर्यंत कुठे आणि काय द्यायचं याचा शोध झाला. दिल्यानंतर उपयोग झाला का, हा निराळा आणि जास्त अवघड प्रश्न आहे, कारण मुलं वाढतातच, ऋतू बदलतातच. जूनमध्ये वह्या वाटल्या आणि मार्चमध्ये गुण वाढले, तर ते वह्यांमुळे की वर्षभर शाळेत गेल्यामुळे?

यासाठी तुलना लागते. शेतकरी हे नेहमी करतो: एका वाफ्याला नवं खत, शेजारच्याला जुनंच, बाकी पाणी-माती सारखी. 2001 ते 2003 या काळात मुंबईत आणि बडोद्यात प्रथम या संस्थेच्या बालसखी कार्यक्रमाची पाहणी अशीच झाली. बालसखी म्हणजे वस्तीतलीच, दहावीपर्यंत शिकलेली तरुणी. वर्गात मागे पडलेल्या पंधरा-वीस मुलांना ती रोज दोन तास बाजूला घेऊन अक्षरं आणि आकडे शिकवायची. काही शाळांत तिसरीला बालसखी दिली, काहींत चौथीला. कुठल्या शाळेत कुठल्या वर्गाला हे चिठ्ठी टाकल्यासारखं ठरवलं. त्यामुळे प्रत्येक वर्गाला तुलनेसाठी दुसऱ्या शाळेतला तसाच वर्ग मिळाला. पाहणी करणाऱ्या चौघांमध्ये मुंबईत जन्मलेले अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो होते. 2019 चं अर्थशास्त्राचं नोबेल त्यांना मायकेल क्रेमर यांच्यासह मिळालं.

निकाल वाचनीय आहेत. मुलांचे गुण पहिल्या वर्षी वाढले, दुसऱ्या वर्षी जवळपास दुप्पट वाढले, आणि फायदा मुख्यतः बालसखीकडे बसलेल्या मुलांना झाला. त्यांच्या जाण्याने वर्गातली गर्दी कमी झाली, पण मागे उरलेल्या मुलांना त्याचा काही उपयोग झाला नाही. म्हणजे वर्ग लहान करण्यावर खर्च करावा की मागे पडलेल्यांना वेगळं शिकवण्यावर, याला त्या शाळांपुरतं तरी उत्तर मिळालं. आणि कार्यक्रम थांबून वर्ष झाल्यावर फायद्याचा बराच भाग ओसरला होता, हेही त्यांनी लपवलं नाही.

क्रेमर यांच्या केनियातल्या पाहणीत शाळांना फुकट पाठ्यपुस्तकं दिली तर फक्त आधीच पुढे असलेल्या मुलांचे गुण वाढले. पुस्तकं इंग्रजीत होती आणि ती बहुतेक मुलांची तिसरी भाषा. आपल्याकडच्या वह्यावाटपाची अशी कधी तपासणी झाली तर काय दिसेल, याची मला उत्सुकता आणि थोडी धास्ती आहे.

मोजणीचे पैसे कुणी द्यायचे?

एक आक्षेप नेहमी येतो: माणूस उपाशी आहे आणि तुम्ही फॉर्म भरताय. आक्षेप रास्त आहे. 2019 साली कोल्हापूर-सांगलीत पाणी शिरलं तेव्हा पहिले काही दिवस मोजत बसण्याचे नव्हते, होडी काढण्याचे होते. पाणी ओसरल्यावर मात्र कुणाचं काय वाहून गेलं हे मोजावंच लागतं, नाहीतर जुन्या साड्यांचे ढीग रस्त्याकडेला पडून राहतात आणि ज्याचं शिलाई मशीन गेलं तो तसाच राहतो.

दुसरा आक्षेप वस्तीतून येतो आणि तो मला जास्त टोचतो. "दरसाल कुणीतरी येतंय, लिहून नेतंय, पुढं काय होतंय कळत न्हाई." कॉलेजची मुलं, संस्था, पक्ष, कंपन्या, सगळ्यांचे फॉर्म त्याच दारात. म्हणून चौकटीतला शेवटचा मुद्दा माझ्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचा आहे.

कंपन्यांच्या बाबतीत कायद्यानेच थोडी वाट मोकळी केली आहे. एप्रिल 2014 पासून ठरावीक आकाराच्या कंपन्यांना मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या 2 टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्चावी लागते आणि आपल्या भोवतालच्या परिसराला प्राधान्य द्यावं असंही त्यात आहे. 2021 पासून मोठ्या रकमा खर्चणाऱ्यांना एक कोटी किंवा त्याहून मोठ्या प्रकल्पांची परिणाम-तपासणी बाहेरच्या संस्थेकडून करून घ्यावी लागते. ही तपासणी काम झाल्यावरची. कामाआधीच्या मोजणीची सक्ती नाही, आणि माझ्या मते खरी उणीव तिथेच आहे.

छोट्या मंडळाला किंवा सोसायटीला यातलं काही लागत नाही. साठ ब्लँकेटांच्या पैशात दोन रविवारची मोजणी, चहासकट, सहज बसते आणि वर पन्नासेक ब्लँकेटं उरतात.

तेव्हा यंदाच्या हिवाळ्यात वाटप करणार असाल तर एवढं करा. वर्गणी काढायच्या आधी एकदा रात्री दहानंतर त्या रस्त्याने चालत जा, पुलाखालून आणि पत्र्यांच्या मागूनही. बोला, बसा, मोजा. त्या फेरीत मात्र हातात पिशवी नेऊ नका.